हिरो कोण, म्हैस कुठे

प्रिय सई,

'२०१२' हा हॉलिवूडचा जगबुडीचा सिनेमा बघून तू दोन प्रश्न विचारलेस. जग बुडणार हे ज्या सतनामला आधी कळलं, तोच का बुडतो? आणि खरंच संकट आलं तर आपली मराठी माणसं कशी वागतात, आपल्या सिनेमात हिरो कोण असेल?

पहिल्याचं उत्तर कडू आहे. शोध भारतातल्या शास्त्रज्ञाचा, पण सिनेमाचा जीव अडकलाय अमेरिकन कुटुंबात. सतनामला न्यायला विमान येतच नाही आणि तो बायकोमुलासकट लाटेखाली जातो. पडद्यावर आपल्यासारखा चेहरा आला म्हणून गोष्ट त्याची होत नाही. 'द इम्पॉसिबल'मध्ये तर २००४ च्या त्सुनामीत थायलंडला सापडलेलं खरं कुटुंब स्पॅनिश होतं, पडद्यावर ते ब्रिटिश झालं. दिग्दर्शक स्वतः स्पॅनिश, बरं का! मग थाई माणसांचं काय विचारतेस?

आता आपल्याकडचं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसं गेली. बाहेर पहिली खबर दिली ती एसटीच्या ड्रायव्हरने. नेहमीसारखी गाडी घेऊन आला, तर समोर गावच नाही, नुसता चिखल. माझ्या मते सिनेमा तिथूनच सुरू व्हावा.

नाहीतर कोल्हापूरचा २०१९ चा महापूर घे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पावसाळ्यात तिथला माणूस 'जेवलास का' विचारायच्या आधी 'पाणी किती फुटावर?' विचारतो. हॉलिवूडमध्ये कुत्रा हमखास वाचतो, आपल्याकडे जीव गोठ्यात अडकलेला असतो. बोट दाराशी लागली तरी जनावरं दाव्याला ठेवून निघायला पाय उचलत नाही. शहरातल्या माणसाला हा आडमुठेपणा वाटतो. पण दुधाच्या पैशावर घर चालतं, आणि ज्या म्हशीला नावाने हाक मारलीय तिला बुडताना बघायचं कसं? शेवटी कुणीतरी छातीभर पाण्यात उतरून दावी कापतं. हा प्रसंग मी अजून कुठल्या सिनेमात पाहिलेला नाही.

पण लगेच कॉलर ताठ करू नकोस. माळीणमधले लोक बहुतेक महादेव कोळी, २०२३ ला दरड कोसळली त्या इर्शाळवाडीतले ठाकर, दोन्ही आदिवासी. आपल्या निर्मात्याने हाच सिनेमा काढला तर नायक होईल शहरातून आलेला देखणा कलेक्टर किंवा पत्रकार, आणि वाडीतली माणसं मागे टाहो फोडायला. त्यांना संवाद मिळाले तरी ते पुण्याच्या मराठीत! म्हणजे सतनामचं जे केलं तेच आपणही करणार. डोंगराच्या पायथ्याशी कोण राहतं, दुसरीकडे जागा का मिळत नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला नको का?

सुट्टीत आलीस की '२०१८' हा मल्याळम सिनेमा लावू. केरळच्या पुरावरचा आहे, त्यात मासेमार आपल्या बोटी घेऊन माणसं वाचवायला येतात. बाबांनाही बसवू. मध्येच ते २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्याचं सांगतीलच, तेवढं चालवून घे.

तुझी,
आई