वाचकांचे प्रश्न : गुडघ्यांचा आवाज आणि गुडघ्यांचे काम

प्रश्न : मी 61 वर्षांची गृहिणी असून नौपाड्यातील लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. गेल्या दिवाळीपासून जिना चढताना दोन्ही गुडघ्यांतून करकर आवाज येतो. खालच्या मजल्यावरची शेजारीण थट्टेने म्हणते, की तुमच्या आधी तुमचे गुडघेच वर्दी देतात. दुखणे बेताचे आहे, तेही चढ-उतारापुरते. सकाळी पाच-दहा मिनिटे पाय आखडल्यासारखे वाटतात. एक्स-रे पाहून झीज दुसऱ्या टप्प्याची असल्याचे सांगण्यात आले. गुडघे जपावेत म्हणून मी तलावपाळीची रोजची फेरी बंद केली आणि भाजी आणणेही मुलावर सोपवले; तेव्हापासून वजन मात्र वाढले आहे. गुडघ्यातले वंगण संपले असून ते इंजेक्शनने भरून घ्यावे, असा एका नातेवाइकांचा आग्रह आहे. आवाज वाढणे म्हणजे गुडघे बदलण्याची वेळ जवळ येणे, असे समजावे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : असे समजण्याचे कारण नाही. खरे सांगायचे तर आपल्या पत्रात मला आवाजापेक्षा तलावपाळीची बंद झालेली फेरी अधिक काळजीची वाटते.

जिना चढताना गुडघा वाकलेल्या अवस्थेत शरीराचा भार उचलतो आणि त्या वेळी वाटीचे हाड मांडीच्या हाडावर दाबले जाऊन घसरते. त्या दोन्ही पृष्ठभागांवरील कूर्चा, म्हणजे हाडांवरचे गुळगुळीत आवरण, वयानुसार खडबडीत झाली, की बारीक, सलग अशी करकर निर्माण होते. खुर्चीत बसून वाटीवर तळहात ठेवला आणि पाय सावकाश सरळ केला तर ती हातालाही जाणवते. क्वचित होणारा एकच कट्ट आवाज निराळा असतो. तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याने किंवा एखादा स्नायुबंध हाडाच्या कडेवरून सरकल्याने होतो आणि वेदना नसेल तर त्याची दखल घेण्याचे कारण नसते.

करकर अगदीच निरर्थक आहे, असेही नव्हे. अमेरिकेत 2004 मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात 45 ते 79 वर्षे वयोगटातील 4,796 व्यक्तींच्या गुडघ्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. त्यातील ज्यांना अद्याप दुखण्याचा त्रास नव्हता, अशा सुमारे साडेतीन हजार जणांच्या नोंदींवरून 2018 मध्ये असे दिसले, की गुडघा नेहमीच वाजणाऱ्यांना पुढे वेदनेसह संधिवात (म्हणजे सांध्याची झीज) होण्याची शक्यता, कधीच न वाजणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे तिप्पट होती. म्हणजे ज्यांना अद्याप दुखत नाही त्यांच्यासाठी आवाज ही एक पूर्वसूचना ठरू शकते. आपले निदान मात्र झालेलेच आहे, आणि निदान झालेल्यांविषयी त्याच प्रकल्पाच्या माहितीने जे दाखवले ते आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते. संधिवातासोबत करकरही असलेल्या व्यक्ती स्वतःच्या गुडघ्याला कमी गुण देत होत्या आणि आपल्याला कामे जमत नाहीत असे सांगत होत्या. परंतु त्यांची चाल, खुर्चीतून उठण्याचा वेग आणि मांडीची ताकद प्रत्यक्ष मोजली तेव्हा ती आवाज नसलेल्यांच्या बरोबरीची निघाली. सांधेबदल शस्त्रक्रियेशीही या आवाजाचा संबंध आढळला नाही. पाय कमी पडत नव्हते, त्यांच्यावरचा भरवसा कमी झाला होता, असा मी याचा अर्थ लावतो. आणि भरवसा गेला की माणूस चालणे सोडतो, मांडीचे स्नायू रोडावतात, आणि मग पाय खरोखरच कमी पडू लागतात.

एक्स-रेच्या टप्प्याबद्दलही थोडे सांगतो. 0 ते 4 अशी ही मोजणी केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी 1957 मध्ये मांडली. दुसऱ्या टप्प्यात हाडांच्या कडांना वाढ स्पष्ट दिसते आणि सांध्यातील फट कदाचित किंचित कमी झालेली असते. या टप्प्यावर शस्त्रक्रियेचा विषय निघू नये. चित्र आणि त्रास यांचे प्रमाणही नेहमी जुळतेच असे नाही.

तेव्हा आवाज ऐकण्याऐवजी काम मोजावे. साधारण 17 इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, दोन्ही हात छातीवर घडी घालून 30 सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा जमते ते मोजावे आणि जवळ कोणाला तरी उभे करावे. अमेरिकेतील मापानुसार 60 ते 64 वर्षांच्या स्त्रीला 12 पेक्षा कमी वेळा जमले तर ते सरासरीखाली समजले जाते. आपल्याकडे मांडी घालून जमिनीवर बसण्याची सवय असल्याने हा आकडा ब्रह्मवाक्य मानू नये, पण महिन्याभराने स्वतःच्याच आकड्याशी तुलना करण्यास तो फार उपयोगी पडतो.

हीच उठबस व्यायाम म्हणूनही करावी. सुरुवातीला उशी ठेवून बैठक उंच करावी आणि सरावल्यावर ती काढून टाकावी. जोडीला पाठीवर झोपून सरळ पाय उचलणे आणि जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर कठडा धरून चढ-उतार करणे पुरे. व्यायामाने थोडे दुखले तरी दुसऱ्या दिवसापर्यंत ते पूर्ववत होत असेल तर चालू ठेवावे. न झाल्यास संख्या कमी करावी, व्यायाम बंद करू नये. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. तलावपाळीची फेरी निम्म्या अंतरापासून पुन्हा सुरू करावी. वजनाचेही महत्त्व आहे, कारण एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

राहिले वंगण. या आजारात सांध्यातील द्रव संपत नाही. गुडघा सुजतो तेव्हा तर तो उलट वाढलेला असतो, केवळ त्याचा दाटपणा कमी झालेला असतो. ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी ही इंजेक्शने आणि ग्लुकोसामाइनच्या गोळ्या दोन्ही देऊ नयेत असे म्हटले आहे. ते पैसे फिजिओथेरपिस्टकडे खर्च करणे मला अधिक रास्त वाटते. गुडघा लाल होऊन तापला, अचानक सुजला, वाकलेला अडकून बसला, चालताना दगा देऊ लागला किंवा रात्री झोपमोड होईल इतका दुखू लागला, तर मात्र विनाविलंब तपासून घ्यावा.

प्रश्न : माझे वय 34 वर्षे असून मी ऐरोलीतील एका कंपनीत बैठे काम करतो. जिममध्ये बैठका मारताना दोन्ही गुडघे कटकट वाजतात. दुखत किंवा सुजत नाहीत. बैठका बंद कराव्यात का?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : बंद करू नयेत. या वयात वेदनेविना वाजणारे गुडघे सर्रास आढळतात आणि वर उल्लेखलेला अभ्यासही पंचेचाळिशीपुढील लोकांचा आहे. बैठकांसाठी उचलायचे वजन हळूहळू वाढवावे आणि दिवसभर एकाच जागी बसून राहू नये. टर्फवर खेळताना गुडघा पिळवटून मोठा आवाज झाला आणि काही तासांत सूज आली, तर ती गोष्ट वेगळी. त्या वेळी गुडघ्यातील कूर्चेची गादी किंवा हाडांना जोडणारा अस्थिबंध फाटला नाही ना, हे अस्थिरोगतज्ज्ञांकडून पाहून घ्यावे आणि तोवर जिमला जाऊ नये.