जुन्या गाडीची ताकद अचानक गेली, तर कमी खर्चात दोष कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की गाडी पंधरा वर्षांची आहे, पेट्रोलवरची. उभी असताना इंजिन नीट चालतं, पण चढ लागला की पाय पूर्ण दाबूनही ओढत नाही. गॅरेजमध्ये 'इंजिनचं काम' सांगितलंय आणि पैसे बेताचे आहेत. इंजिन उघडायला अजून हो म्हणू नका. अशा लक्षणांमागे इंजिनाच्या बाहेरची बरीच कारणं असतात आणि त्यातली बरीचशी घरच्या घरी तपासता येतात.

आधी एवढंच बघा, की ताकद तयारच होत नाहीये, की तयार होऊन चाकांपर्यंत पोचत नाहीये. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये जोरात रेस द्या. आरपीएम चढले आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. मग थोडं अंतर ब्रेक फारसा न लावता चालवा, थांबून प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या (टेकवू नका, भाजेल). एकच चाक तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. या दोन्हींत इंजिनाचा काही दोष नाही.

चेक इंजिनचा दिवा पेटलाय का? तो लुकलुकत असेल तर गाडी जोरात मिसिंग करते आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. तशी दामटू नका, कारण का ते खाली सांगतो. नुसता पेटलेला असला किंवा नसला, तरी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावाच. ब्लूटूथवर फोनला जोडणारा साधा स्कॅनर पुरतो, कुणाकडून मागून आणला तरी चालेल. फक्त त्याआधी बॅटरीची वायर काढू नका आणि कोड पुसू नका. कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' साठवलेली असते. दोष आला तेव्हा आरपीएम किती होते, इंजिनावर लोड किती होता, ते तीत असतं. पुसलं की तो पुरावा गेला.

समजा कोड पी०३०३ आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल, तर इंजिन बंद आणि गार असताना तिसरी कॉइल पहिल्यावर आणि पहिली तिसऱ्यावर लावा. पुन्हा चालवून कोड पी०३०१ झाला तर कॉइलच गेलीय. नाही बदलला तर तसंच प्लगचं करून बघा. या अदलाबदलीला काही खर्च नाही, आणि तिच्यातून मिळणारं उत्तर नवीन पार्ट लावून मिळणाऱ्या उत्तरापेक्षा पक्कं असतं. चालू इंजिनाच्या कॉइली मात्र हाताने उपसू नका, त्यात हजारो व्होल्ट असतात.

कोड पी०१७१ असेल, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, तर स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय त्याचा आकडा. आयडलला (रेस न देता) आकडा बराच वर आणि रेस दिल्यावर खाली येत असेल, तर कुठून तरी आगाऊ हवा ओढली जातेय. थ्रॉटलपुढचे (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपुढचे) रबरी पाइप वाकवून बघा, जुन्या गाडीत ते घडीवर तडकतात. उलट आयडलला ठीक आणि लोडवर आकडा चढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय. फिल्टर, मग पंप. चावी फिरवल्यावर पंपाचा दोनेक सेकंद घूं आवाज आला म्हणजे मोटर फिरते एवढंच कळतं, दाब कळत नाही. पंप विकत घेण्याआधी गेज लावून दाब मोजून घ्या.

हे इतकं आग्रहाने सांगतोय, कारण माझ्या गाडीचा पंप असाच अंदाजाने बदलला गेला. फरक शून्य. मग एक सेन्सर बदलला, तरी तेच. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती ओढतंय ते दाखवणारं मीटर) लावला आणि दहा मिनिटांत दोष दाखवला: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) चोक झाला होता. एक कॉइल कमजोर होती आणि मी ते मिसिंग किरकोळ समजून कित्येक महिने गाडी तशीच चालवली. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत राहिलं आणि आतली जाळी वितळली. इंजिनाला श्वास सोडायलाच जागा उरली नव्हती. वेळेत कॉइल बदलली असती तर कन्व्हर्टर वाचला असता, याची अजून हळहळ वाटते.

तुमची लक्षणं वाचून माझा पहिला संशय तिथेच जातो. चाचणी अशी: व्हॅक्यूम गेज इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांना) जोडा. समुद्रसपाटीजवळ धडधाकट इंजिन आयडलला साधारण १७ ते २२ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, उंचावर थोडं कमी. मग २५०० आरपीएम धरून ठेवा. सुई क्षणभर पडून पुन्हा जागेवर येऊन थांबली तर एक्झॉस्ट मोकळा आहे. हळूहळू खालीच सरकत राहिली तर तो तुंबलाय. एअर फिल्टर तर आजच उघडून बघा, त्याला पाचच मिनिटं लागतात.

राहिलं इंजिनचं काम. ते करायचंच म्हणत असतील तर आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून आकडे लिहून मागा. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याइतके असतील, तर आतलं काम काढायचं कारण नाही. एकाचाच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये. सगळेच एकसारखे कमी आले आणि ताकद एका दिवसात गेलेली असेल, तर टायमिंग बेल्टचा दात सरकलाय का ते बघायला लावा, आणि तोवर गाडी चालू करू नका.

कोड कोणता आला आणि २५०० वर सुईने काय केलं ते कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.