गरिबीमुळे माझ्या मुलीचा मेंदू मागे राहील का?

तुम्ही लिहिलंय, मुलगी सव्वा वर्षाची आहे, दोघांच्या पगारात भाडं आणि किराणा जेमतेम भागतो, आणि गरीब मुलांचा मेंदू लहान राहतो असं वाचल्यापासून झोप उडालीय. मी 17 वर्षं अंगणवाडी सेविका आहे. वस्तीतल्या आयांच्या मनातही हेच असतं, त्या विचारत नाहीत एवढंच.

परिणाम होतो, हे खरं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या 1099 मुलांच्या मेंदूच्या स्कॅनचा अभ्यास छापून आला. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांत मेंदूच्या बाहेरच्या थराचं क्षेत्रफळ सरासरीने कमी भरलं. पण सरासरी म्हणजे तुमची मुलगी नव्हे. आणि गरिबी मेंदूपर्यंत पोहोचते ती अपुऱ्या खाण्यातून, रक्तातल्या कमी लोहातून, सततच्या आजारपणातून. दिवसभर राबून आलेली आई गप्प पडून राहते, त्यातूनही.

म्हणून जमैकाचं सांगते. 1986-87 मध्ये किंग्स्टनमधल्या गरीब घरांतली 9 ते 24 महिन्यांची 129 खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली, बाळं निवडली. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्याला तासभर जायच्या आणि बाळाशी कसं खेळायचं, बोलायचं हे आईला दाखवायच्या. खेळणी टाकाऊ वस्तूंची. 20 वर्षांनी पाहिलं, तर या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. नुसता दुधाचा पूरक आहार मिळालेल्यांत एवढा फरक टिकला नाही. (पण म्हणून आहारात हयगय करू नका, तो लागतोच.)

आमच्याकडे वीटभट्टीवरची एक आई म्हणायची, "एवढ्याशा पोरीला काय कळतंय?" मी बाटलीत चिंचोके घालून झाकण घट्ट लावलं आणि पोरीच्या हातात दिली. तिने वाजवली, थांबली आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आई म्हणाली, "वाजलं का गं?" पोरीने पुन्हा वाजवली. दहा मिनिटं तेच चाललं होतं. असं रोज घडायला हवं. भाकरी थापताना, अंघोळ घालताना, ती "बा" म्हणाली की तुम्ही काहीतरी उत्तर द्यायचं.

जवळच्या अंगणवाडीत नाव घाला, परगावचे असलात तरी. नुसतं वजन नको, उंचीही मोजायला सांगा. आशाताईंकडे लोहाच्या औषधाची चौकशी करा, ते आठवड्यातून दोनदा द्यायचं असतं. उंची किती भरली ते इथेच कळवा, मी बघून सांगते.