वर्गणी भरली, पुढे काय?

प्रश्न : गेली अकरा वर्षे मी केवळ स्थावर मालमत्तेची कामे करते. खरेदीखते, भाडेपट्टे, गहाणखते आणि त्यांच्या आधीचा टायटल सर्च, म्हणजे जुने दस्त पाहून मिळकतीच्या मालकीहक्काची केलेली तपासणी, हेच माझे रोजचे काम आहे. चार वर्षांपूर्वी मी मालमत्ताविषयक वकिलांच्या संघटनेची सभासद झाले. दरवर्षी वर्गणी भरते, वार्षिक परिषदेला जाते, व्याख्याने ऐकते आणि परत येते. संघटना एवढ्यासाठीच असते का? समित्यांवर सगळी ज्येष्ठ मंडळी दिसतात, त्यामुळे तेथे आपले काय काम, असा संकोचही वाटतो.

उत्तर : संकोच समजण्यासारखा आहे, पण तो आपण सोडावा असे मी आग्रहाने सांगेन. व्याख्यानांचा उपयोग मी नाकारत नाही. नवा निकाल किंवा कायद्यातील दुरुस्ती जाणकाराकडून समजून घेतली की पुष्कळ वेळ वाचतो. परंतु व्याख्यान संघटनेबाहेरही ऐकता येते. एरवी एकमेकांविरुद्ध उभे राहणाऱ्या वकिलांनी एकत्र बसून कामाची पद्धत ठरवणे आणि ती लिहून काढणे, हे काम मात्र संघटनेशिवाय होत नाही.

याचा मला सर्वांत पटणारा दाखला आपल्याच कामातला, म्हणजे टायटल तपासणीचा आहे. साठ वर्षांपूर्वीच्या खरेदीखतात विकणाऱ्याचे मधले नाव आहे आणि पुढच्या दस्तात ते गळलेले आहे. माणूस तोच आहे, याविषयी तपासणाऱ्या वकिलाला मनातून शंका नसते, तरीही तो हरकत नोंदवतो, कारण आपण ती सोडली आणि उद्याच्या खरेदीदाराच्या वकिलाने काढली, तर ठपका आपल्यावर येईल ही भीती असते. अशा रीतीने सर्वांत धास्तावलेला वकील बाकी सर्वांसाठी नियम घालून देतो, आणि त्याची किंमत पक्षकार प्रतिज्ञापत्रे, चूकदुरुस्तीचे दस्त आणि रखडलेले व्यवहार यांच्या रूपाने मोजतो. यावर कोणीही एक वकील, तो कितीही व्यासंगी असला तरी, उपाय करू शकत नाही. त्याने हरकत सोडली तरी दुसरा ती सोडेलच असे नाही.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात लिव्हिंग्स्टन काउंटीच्या वकिलांनी १९२३ मध्ये हा पेच एकत्र बसून सोडवायला घेतला आणि टायटल तपासणीची लिखित मानके ठरवली. पुढे १९३८ मध्ये कनेक्टिकटच्या बार असोसिएशनने संपूर्ण राज्यासाठी अशी मानके स्वीकारली, आणि नंतर इतर अनेक राज्यांतील वकील संघटनांनीही आपापली मानके तयार केली. नावातील कोणता फरक दुर्लक्षिण्याजोगा आहे, जुन्या दस्तातील कोणती उणीव एवढ्या काळानंतर दोष मानू नये, अशा बारीक प्रश्नांची उत्तरे त्यांत असतात. ही मानके एकदा लिहून थांबत नाहीत. कायदा बदलला की समितीला ती पुन्हा पाहावी लागतात, म्हणून असे काम करणाऱ्या संघटनेला नव्या माणसांची गरज कायम असते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये भाडेपट्टा संपल्यावर जागेच्या दुरुस्तीवरून जमीनमालक आणि भाडेकरू यांच्यात होणाऱ्या वादांबाबतही असेच घडले. दाव्यापूर्वी दोन्ही बाजूंनी काय करावे याची कार्यपद्धती प्रॉपर्टी लिटिगेशन असोसिएशन या मालमत्ताविषयक वकिलांच्या संघटनेने तयार केली. आधी ती स्वेच्छेने पाळली जात होती. २०१२ पासून तिला दिवाणी प्रक्रिया नियमांखाली अधिकृत स्थान मिळाले. मालकाने सर्वसाधारणपणे मुदत संपल्यापासून ५६ दिवसांच्या आत दुरुस्त्यांची यादी द्यावी आणि भाडेकरूने तितक्याच दिवसांत उत्तर द्यावे, असे तीत म्हटले आहे. आकडा साधा दिसतो, पण जागेची पाहणी करायला, तज्ज्ञाचा अंदाज घ्यायला आणि पक्षकाराच्या सूचना मिळवायला प्रत्यक्षात किती दिवस लागतात, हे जे स्वतः अशी प्रकरणे चालवतात त्यांनाच नेमके सांगता येते.

म्हणूनच आपल्यासारख्या सभासदाची गरज असते. ज्येष्ठ वकिलाला तत्त्व ठाऊक असते, परंतु गेल्या महिन्यात नोंदणीच्या वेळी दस्त नेमका कोणत्या कारणाने परत आला, हे रोज दस्त हाताळणाऱ्यालाच माहीत असते. आपण समितीकडे पद मागण्याऐवजी एक कागद घेऊन जा. गेल्या वर्षभरात ज्या कलमाच्या शब्दरचनेवरून आपले व्यवहार वारंवार अडले, ते कलम, त्यावर आलेल्या हरकती आणि आपण सुचवत असलेला पर्यायी मसुदा दोन पानांत लिहा. पक्षकार आणि मिळकत ओळखू येईल असा सर्व तपशील आधी काढून टाका. मसुदा समितीत असा कागद आला की चर्चा तेथूनच सुरू होते, असा माझा अनुभव आहे. आणि ज्याने तो आणला त्याला पुढच्या बैठकीला बोलवावेच लागते. हे काम करताना स्वतःचा मसुदाही सुधारतो, कारण आपले प्रत्येक वाक्य विरुद्ध बाजूने वाचणारी माणसे समोर बसलेली असतात.

प्रश्न : मी अशाच एका संघटनेचा सचिव आहे. सभासद पुष्कळ आहेत, पण काम तेच सात-आठ जण करतात. आवाहने करून थकलो. काय करावे?

उत्तर : सर्वांना उद्देशून केलेले आवाहन प्रत्येकाला दुसऱ्यासाठीच वाटते, म्हणून ते बंद करून एकेका सभासदाला नाव घेऊन विचारावे. काम छोटे, स्पष्ट आणि मुदत असलेले असावे. ‘कायदा सुधारणा समितीत या’ असे सांगण्याऐवजी ‘या विधेयकातील भाडेपट्ट्यांविषयीची तीन कलमे वाचून पंधरा दिवसांत एक पान अभिप्राय द्या’ असे सांगितले की व्यग्र वकीलही होकार देतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या अभिप्रायाचे पुढे काय झाले, हे त्याला कळवणे. सूचना स्वीकारली असेल तर निवेदनात ती कोठे आली ते दाखवावे, आणि नाकारली असेल तर कारण लिहून पाठवावे. मनापासून लिहिलेला कागद कोणी वाचलाच नाही असे ज्याला वाटते, तो पुन्हा लिहीत नाही. माझ्या पाहण्यात चांगले सभासद बहुतेक वेळा याच कारणाने दूर गेले आहेत. समित्यांची मुदतही ठरलेली असावी. तेच सात-आठ जण कष्टाळू असतील, पण त्यांच्या खुर्च्या कधी रिकाम्या होणार हे दिसत नसेल, तर नवा माणूस दाराशीच थांबतो.

प्रश्न : आमच्या अभ्यासगटात चालू प्रकरणांतील प्रतिपक्षाचे वकीलही असतात. तेथे किती मोकळेपणाने बोलावे? शिवाय टायटल सर्चसाठी सर्वांनी मिळून किमान शुल्क ठरवावे, असा प्रस्ताव आला आहे.

उत्तर : चालू प्रकरण गटात आणूच नये. नावे काढली तरी मिळकतीच्या वर्णनावरून जाणकाराला प्रकरण ओळखता येते, आणि पक्षकाराची गोपनीयता सभासदांच्या स्नेहापेक्षा मोठी आहे. निकाली निघालेल्या प्रकरणातील कायद्याचा मुद्दा तेवढा मांडावा.

शुल्काच्या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे. अमेरिकेत १९७१ मध्ये व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीत घर घेणाऱ्या गोल्डफार्ब दांपत्याला टायटल तपासणीसाठी वकील हवा होता. पहिल्या वकिलाने संघटनेच्या किमान दरपत्रकानुसार, घराच्या किमतीच्या एक टक्का, शुल्क सांगितले. त्यांनी आणखी ३६ वकिलांना पत्रे लिहिली. १९ जणांनी उत्तर दिले आणि त्यांपैकी एकानेही त्याहून कमी शुल्क सांगितले नाही. १९७५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे दरपत्रक म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला, आणि वकिली हा विद्वानांचा व्यवसाय असल्याने त्याला हा कायदा लागू नाही, हा युक्तिवाद फेटाळला. टायटल तपासणीची मानके ठरवणारी एकजूट पक्षकाराचा खर्च वाचवते; शुल्क ठरवणारी एकजूट त्याचा पर्याय काढून घेते. बैठकीत हा विषय निघाला तर अध्यक्षांनी तो तेथेच थांबवावा आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. टायटल सर्चमध्ये कोणकोणती कामे येतात आणि कोणती येत नाहीत, हे पक्षकाराला समजावणारे सोपे पत्रक मात्र गटाने जरूर तयार करावे. त्यात रकमेचा आकडा नसावा.