गावात दोन दिवसांचा कला महोत्सव भरवायचा आहे, तयारी कशी करावी?

तुमचं गाव सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. दोन भजनी मंडळं, एक हलगी पथक, गजी (धनगरी ढोलनाच) करणारे ढोलवाले आणि शाळेची पोरं एवढी कलाकार मंडळी गावातच आहेत, आणि तरुणांना मोठं स्टेज बांधून बाहेरचा ऑर्केस्ट्रा आणायचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत स्पष्ट सांगतो: ऑर्केस्ट्रा नको आणि मोठं स्टेजही नको. सगळे प्रकार एकाच स्टेजवर चढवले की निम्मा वेळ माइक हलवण्यात जातो. शिवाय हलगी, लेझीम, गजी हे मुळात रिंगणाचे प्रकार, ते वीस फुटी फळ्यांवर उभे राहत नाहीत. तीन जागा धरा. रिंगणासाठी शाळेचं मैदान, भजनासाठी देवळाचा सभामंडप, आणि मुलांचे नाच, वग, शाहिरी यांच्यापुरतं छोटं स्टेज. ऑर्केस्ट्राचे वाचलेले पैसे गावातल्या पथकांना मानधन म्हणून द्या. वाळवा तालुक्यानं रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे दिले. अशा जिल्ह्यात लावणी-शाहिरीसाठी लांब बघायची गरज नाही.

आधी तारीख. १८४३ साली ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला. तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात, त्यामुळं कमिटीत कुणीतरी हीच तारीख सुचवणार. पण द्राक्षपट्ट्यात तेव्हा गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होऊन बागा फवारणीवर आलेल्या असतात. आभाळ आलं की माणूस फवारणीच्या ब्लोअरवर, मांडवात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरतो आणि दहावी-बारावीच्या परीक्षाही तेव्हाच. राहता राहिला नाताळ ते संक्रांत हा काळ. शाळांची स्नेहसंमेलनं याच दिवसांत होतात, म्हणजे पोरांचे नाच बसलेलेच असतात. त्रास एकच, थंडी आणि दव.

दवाचा फटका चामड्याच्या वाद्यांना बसतो. हलगीचं कातडं सैल पडलं की आवाज बसतो, मग वाजवणारा जोर लावतो आणि दहा मिनिटांत त्याचा हात भरून येतो. म्हणून रिंगणाजवळ शेकोटी लागतेच. उसाचं पाचट पेटवू नका, ते भसकन पेटतं आणि ठिणग्या उडवतं. गोवऱ्यांचा निखारा करा. हलगी निखाऱ्यावर हातभर उंचीवर धरून गोल फिरवत शेकायची आणि मधेमधे टिचकी मारून बघायचं. आवाज खणखणीत लागला की थांबायचं, कारण जास्त शेकलं तर कातडं कडेला फाटतं. दव पडायला लागल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा शेकावी लागते, तेव्हा पथकाकडं एक हलगी जादा असू द्या. शेकोटी मांडवापासून चाळीस फूट लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी, शेजारी वाळूच्या दोन बादल्या आणि पाण्याचं एक पिंप. फायबरच्या पानाची हलगी शेकावी लागत नाही, पण तिचा आवाज पत्र्यासारखा येतो. घुमकं (चामड्याचं तालवाद्य) आणि कैताळ (धातूच्या झांजा) यांच्या जोडीला ती शोभत नाही.

रिंगण पन्नास फूट व्यासाचं आखा. मधे खुंटी ठोकून पंचवीस फुटांची दोरी फिरवायची आणि पांढरी फक्की टाकून रेघ मारायची. दुपारी खडे वेचून घ्या, कारण लेझीमवाली पोरं बऱ्याचदा अनवाणी असतात. चार वाजता पाणी मारा, तेही शिंपडल्यासारखंच. टँकरचा पाइप सोडला तर चिखल होतो आणि गजीवाल्यांची पांढरी धोतरं पहिल्या फेरीतच खराब होतात. फक्कीच्या रेघेपासून पाच फुटांवर दोरी बांधा, तिच्यामागं जाजमावर लहान मुलं आणि बायाबापड्या, त्यांच्यामागं खुर्च्या. उलटं केलं तर पुढचे लोक उठून उभे राहतात आणि मागच्यांना काहीच दिसत नाही. रिंगणाला माइक देऊ नका, हलगी-घुमकं-कैताळाला त्याची गरजच नाही. समोरासमोर दोन फोकस, पंधरा फूट उंचीवर आणि तोंड खाली करून लावले की पुरे. आडवे लावलेले फोकस नाचणाऱ्यांच्या डोळ्यांत जातात.

भजनात बहुतेक ठिकाणी गफलत होते ती पट्टीची, म्हणजे गाण्याच्या सुराच्या उंचीची. एक मंडळ पेटीच्या काळी एकमध्ये गातं, दुसरं पांढरी चारमध्ये. पखवाज एवढा वर-खाली चढत-उतरत नाही. गट्ठे (सूर चढवायचे लाकडी ठोकळे) ठोकून ठोकून शेवटी वादी (चामड्याची पट्टी) तुटते, नाहीतर मंडळ परक्या पट्टीत कसंबसं गातं. आठ दिवस आधी प्रत्येक मंडळाला पट्टी विचारून लिहून ठेवा. एका पट्टीची मंडळं लागोपाठ लावा, नाहीतर प्रत्येकाला आपला पखवाज आणायला सांगा. पखवाजाच्या धुमाला (खर्जाच्या तोंडाला) ओली कणीक लावून सूर जुळवायला दहा मिनिटं जातात, ती आधीच्या मंडळाचा शेवटचा अभंग चालू असताना बाहेरच्या ओट्यावर उरकायची. माइक चार: बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाला एक आणि मागच्या टाळकऱ्यांच्या आवाजासाठी एक. टाळांसमोर माइक ठेवला तर शब्द ऐकू येत नाहीत. सभामंडपात फरशी आणि पत्रा असेल तर आवाज घुमतो, तिथं स्पीकर लहान ठेवा आणि खाली जाजम अंथरा.

स्टेज चोवीस बाय वीस फूट, उंची तीन फूट. फळ्यांवर प्लाय ठोका आणि त्यावर कार्पेट ताणून चारी कडांनी खिळा. सैल कार्पेटवर पोरं घसरतात. स्पीकर स्टेजच्या पुढच्या कडेच्याही पुढं ठेवा, मागं ठेवले की माइक शिट्टी मारतो. साउंडवाल्याला दुपारी तीनलाच बोलवा आणि प्रत्येक गाणं पेनड्राइव्हवर क्रमांक टाकून द्या. ऐन वेळी मोबाइलवरून गाणं लावलं की मधेच कुणाचा तरी फोन वाजतो.

विजेसाठी आकडा टाकू नका, बेकायदा तर आहेच, जिवालाही धोका. महावितरणकडं तात्पुरत्या जोडणीचा अर्ज पंधरा दिवस आधी द्या. छोट्या कार्यक्रमाला साउंड चार किलोवॅट, उजेड तीन, किरकोळ एक, असे आठ धरा. पंधरा केव्हीए जनरेटर साधारण बारा किलोवॅट देतो, म्हणजे लोड दोन तृतीयांशावर राहतो. साउंड आणि डिमर वेगळ्या फेजवर ठेवा, नाहीतर लाइट कमी-जास्त करताना स्पीकरमधून गुरगुर येते. अर्थिंग झालंय का ते स्वतः बघा. रात्री दवानं गवत ओलं झाल्यावर स्टेजच्या लोखंडी पाइपाला हात लागून झटका बसतो तो अर्थिंग नसल्यामुळंच.

आता वेळ. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वाद्यंसुद्धा त्यात येतात, म्हणजे ‘माइक बंद करून हलगी चालू ठेवू’ ही पळवाट नाही. बारापर्यंतची सूट वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस असते आणि ते दिवस शासन-प्रशासन जाहीर करतं, तुमचे दिवस त्यात असतील असं समजू नका. पोलीस ठाण्याची परवानगी आणि ग्रामपंचायतीचा ठराव लागतोच. नाटक किंवा वग करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का तेही पाहा, त्याला वेळ लागतो.

म्हणून शेवटाकडून हिशोब करा. सहाला सुरू करून पावणेदहाला संपवायचं म्हटलं तर हातात २२५ मिनिटं. आठ कार्यक्रम प्रत्येकी २० मिनिटं म्हणजे १६०, मधली सात अंतरं पाच-पाच मिनिटांची म्हणजे ३५, सत्कार २०. झाले २१५, उरली दहा. यात कुणाचे ‘दोन शब्द’ बसत नाहीत. सत्कार सुरुवातीलाच एकत्र उरका. मधे घेतला की लोक चहाला उठतात ते परत येत नाहीत. पोरांचे सगळे नाचही सुरुवातीला लावू नका, कारण आपलं पोर नाचून झालं की आई-बाप घरी जातात. लहान वर्ग पहिल्यांदा, आठवी-नववी सव्वाआठनंतर, आणि सोंगी भजन सगळ्यात शेवटी. सोंगांसाठी गाव थांबतं.

सकाळी रांगोळी. तीन बाय तीन फुटांचे चौकोन आदल्या संध्याकाळी गेरूनं सारवून घ्या. प्रत्येकाला पांढरी अर्धा किलो आणि रंग शंभर-शंभर ग्रॅम पुरतात. आठला सुरू, साडेदहाला संपलं पाहिजे, अकरानंतर वारं सुटतं. कडेनं बांबू आडवे बांधा, शेळ्या आणि कुत्री तिथून जातातच. दुपारी शाळेच्या वर्गात मिरजेच्या एखाद्या तंतुवाद्य कारागिराला दोन तास बसवा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला वाळका भोपळा कापून तंबोरा कसा होतो हे पोरांना समोर बघायला मिळेल. हत्यारं ठेवायला टेबल, चांगला उजेड आणि येण्या-जाण्याच्या खर्चासह मानधन, एवढंच लागतं.

भजनी मंडळांची स्पर्धा ठेवू नका. पहिला नंबर एकाला मिळतो आणि रुसवा वर्षभर चालतो. सगळ्यांना सारखं मानधन द्या, तेही त्याच रात्री, पाकिटात रोख. त्या वेळी सगळं गाव एका टॉवरवर असतं, त्यामुळं मोबाइलवरून पैसे पाठवायच्या भरवशावर राहू नका. वर्गणीची पावतीपुस्तकं क्रमांकांनी वाटा, कार्यक्रमानंतर फाडलेली आणि कोरी दोन्ही परत घ्या, आणि जमा-खर्च आठ दिवसांत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.