नाशिकमध्ये सोसायटीत राहतो, रोज सातपूरला जातो, महिन्यातून एकदा पुणे. १५-१६ लाखांत कोणती इलेक्ट्रिक कार घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदिरानगरला फ्लॅट, स्टिल्ट पार्किंगमध्ये ठरलेली जागा, सातपूर एमआयडीसीत जाऊन-येऊन रोजचे २०-२५ किलोमीटर, महिन्यातून एकदा पुणे, अधूनमधून ठाणे, घरात पाच माणसं आणि त्यात आईंचे गुडघे दुखतात. टाटाची नेक्सॉन घ्यावी, एमजीची विंडसर घ्यावी, की थांबावं?

माझं म्हणणं, गाडी सगळ्यात शेवटी ठरवा. आधी पार्किंगमधला प्लग, मग तुमचा नेहमीचा सगळ्यात लांबचा प्रवास, मग मागची सीट. एवढं नक्की झालं की यादीत एक-दोनच नावं उरतात आणि शोरूमवाल्याला फार बोलायला जागा राहत नाही.

प्लगपासून सुरुवात करा, कारण गाडी घेतल्यावर सर्वांत जास्त मनस्ताप इथेच होतो. बुकिंगच्या आधी सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि ना हरकत लेखीच घ्या. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: वीज तुमच्या फ्लॅटच्या मीटरवरूनच घेणार, केबल मीटर रूममधून पार्किंगपर्यंत पाइपातून नेणार, आणि खर्च तुमचा. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून सब-मीटर लावून वीज घ्यायचा पर्याय कमिटी सुचवते, तो शक्यतो टाळा. दर महिन्याला हिशेबाचा वाद होतो आणि कॉमन मीटरचा दर तुमच्या हातात राहत नाही. घरच्या मंजूर भारात (वीजबिलावर लिहिलेला किलोवॅटचा आकडा) बसत असेल तर स्वतःच्या मीटरवरून गाडी चार्ज करायला वेगळं कनेक्शन लागत नाही.

आता चार्जर किती मोठा हवा? शोरूममध्ये ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर, घ्यायचा आग्रह होईल. तुम्हाला त्याची गरज नाही. रोजच्या २५ किलोमीटरला साधारण साडेतीन युनिट लागतात (बॅटरीच्या आकड्यातला किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या बिलातलं युनिटच). गाडीबरोबर येणारा १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर तासाला तीनेक युनिट ओढतो, म्हणजे रोजचं काम दीड तासात होतं. पुण्याहून रविवारी रात्री नऊला १५ टक्के बॅटरी घेऊन आलात तरी सकाळी सातपर्यंत २६ युनिट बॅटरीत जातात. सोमवारी सातपूरला जायला ते भरपूर आहेत. ३२ अँपिअरच्या त्या वॉलबॉक्ससाठी मात्र मंजूर भार वाढवावा लागतो. गीझर आणि एसी सोबत चालत असतील तर सिंगल फेजवर ओढाताण होते आणि बऱ्याचदा थ्री फेजपर्यंत जावं लागतं. तो खर्च आत्ता करू नका.

मात्र १५ अँपिअरचा पॉइंट आहे म्हणून वायरमनला 'टाक काहीतरी' असं सांगू नका. इस्त्री दहा मिनिटं चालते, गाडी दहा तास सलग पूर्ण करंट ओढते. मीटर रूमपासून ३० मीटरपर्यंत अंतर असेल तर ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घाला, त्याहून बारीक नको. वर २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडतो) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळून शॉक बसण्याआधी वीज तोडते), तीही 'ए' टाइपची. घरात सहसा 'एसी' टाइपची बसवलेली असते, ती गाडीच्या चार्जरसाठी योग्य नाही. सॉकेट शक्य असेल तर निळा इंडस्ट्रियल घ्या, झाकण असलेला. साधा मॉड्युलर सॉकेट लावलात तर पहिल्या आठवड्यात तासभर चार्जिंग झाल्यावर प्लग काढून पिना चाचपून बघा. हात ठेवता येत नसेल इतक्या गरम झाल्या असतील तर मागचा स्क्रू सैल आहे. सॉकेट वितळण्याचं नेहमीचं कारण हेच: सैल स्क्रू, त्यामुळे वाढलेला रोध आणि तासन्तास साचणारी उष्णता. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात वापरू नका.

दुसरी नेहमीची अडचण अर्थिंगची. चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागतो, गाडी चार्ज होत नाही, आणि लोक सर्व्हिस सेंटरला फोन करत बसतात. अनेकदा दोष गाडीत नसतोच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून बघायला सांगा. लोड चालू असताना तिथे पाच व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर अर्थिंग सुधारल्याशिवाय चार्जर चालेलच असं नाही. जुन्या सोसायट्यांत अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो. पार्किंगपॉइंटसाठी स्वतंत्र अर्थिंग करून घेणं हाच खात्रीचा उपाय.

आता प्रवास. जाहिरातीतली रेंज चाचणीच्या ठरावीक चक्रावर मोजलेली असते. हिशेबाला तिचे ६५ ते ७५ टक्केच धरा. त्याहून चांगली पद्धत म्हणजे बॅटरीचा आकडा घेऊन स्वतः भागाकार करणं. नेक्सॉनच्या आकाराची गाडी शहरात १०० किलोमीटरला १२-१३ युनिट घेते, हायवेवर ९०-१०० च्या वेगाने १५-१६. वेग ११० वर नेला की खर्च झपाट्याने वाढतो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. एसीचा परिणाम मात्र लोकांना वाटतो त्याच्या उलट असतो. एसी तासाला साधारण एक युनिट घेतो, मग गाडी कितीही वेगात असो. एप्रिलमध्ये मुंबई नाक्याच्या कोंडीत ताशी २५ ने सरकताना तो १०० किलोमीटरमागे ४ युनिट खातो, हायवेवर ८० ने जाताना सव्वाच.

नाशिक-पुणे २१० किलोमीटर. ४५ युनिटच्या बॅटरीतले ९० टक्के वापरले तर ४० युनिट, म्हणजे हायवेवर साधारण २६० किलोमीटर. एका दमात पुण्याला पोचता आणि थोडी शिल्लक राहते. परतीसाठी तिथे चार्जिंग हवं, पण ते मुक्कामी रात्री होऊ शकतं. ३८ युनिटच्या बॅटरीत २२० येतात. कागदावर पोचता, पण चाकणच्या कोंडीत नजर टक्क्यांवरच राहील, म्हणून नारायणगावला चहाबरोबर वीस मिनिटं चार्जिंग धरून चाला. ३० युनिटच्या बॅटरीत १७५-१८०, म्हणजे वाटेत एक थांबा ठरलेलाच. महिन्यातून एकदाच जायचं असेल तर हे काही वाईट नाही, फक्त घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

ठाण्याचं गणित वेगळं. जाताना उतार, येताना चढ. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. माणसं धरून १६०० किलोची गाडी तेवढी वर चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने २.६ युनिट लागतात, आणि मोटरमधला तोटा धरला तर तीन. याचा बराचसा भाग कसारा घाटातच द्यावा लागतो. म्हणजे परतीला सपाटीपेक्षा २० किलोमीटरची रेंज कमी धरा. कसाऱ्याच्या पायथ्याशी स्क्रीनवर 'नाशिकपर्यंत पुरेल' दिसलं तरी त्यावर विसंबू नका. तो अंदाज मागच्या सपाट रस्त्यावरून काढलेला असतो, पुढचा घाट त्याला दिसत नाही. भिवंडी किंवा शहापूरच्या पट्ट्यातच चार्ज करून घ्या. उलट दिशेला घाट उतरताना रिजनरेशन (वेग कमी होताना मोटरनेच बॅटरी भरणं) वाढवून ठेवा. बरीच ऊर्जा परत येते आणि ब्रेकही तापत नाहीत. समृद्धी महामार्गाने गेलात तर राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना तिथे टोलमाफी आहे, पण तिथे वेगाचा मोह होतो, त्यामुळे रेंजही तशीच कमी होते.

डीसी फास्ट चार्जरबद्दल, म्हणजे वाटेवरच्या मोठ्या सार्वजनिक चार्जरबद्दल, दोन गोष्टी. ६० किलोवॅटच्या मशीनला सहसा दोन गन (गाडीला लावायच्या केबल) असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की बहुतेक ठिकाणी वीज वाटली जाते आणि तुम्हाला ३० च मिळतात, म्हणून मोकळी मशीन दिसली तर तिलाच लावा. आणि ८० टक्के झाले की चार्जिंग थांबवून निघा. तिथून पुढे बॅटरी वेग कमी करते, शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ५०-६० टक्क्यांएवढा वेळ जाऊ शकतो. निघण्याआधी दोन-तीन कंपन्यांची अ‍ॅप मोबाइलवर टाकून वॉलेटमध्ये पैसे ठेवा. निर्जन ठिकाणी नेटवर्क नसताना ओटीपी येत नाही.

खर्चाबद्दल महाराष्ट्रात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. महावितरणचे घरगुती दर स्लॅबचे आहेत. तुमचा प्रवास महिन्याला १२०० किलोमीटर धरला तर तोटा धरून १८५ युनिट लागतात, त्यातली दीडशे घरची. आज तुमचं बिल १८० युनिटचं असेल तर ते ३३० वर जाईल आणि वरची तीस युनिट ३०० च्या पुढच्या महाग स्लॅबमध्ये पडतील. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क वेगळं. 'ईव्ही म्हणजे रुपयाला किलोमीटर' हे गणित खालच्या स्लॅबचं आहे. घरची युनिट सरासरी १३ रुपयांनी आणि वाटेतली २२ रुपयांनी धरा, महिन्याचा खर्च पावणेतीन हजार येतो. तेवढ्याच प्रवासाला १५ च्या ॲव्हरेजची पेट्रोल गाडी ८० लिटर घेते, म्हणजे आठ हजारांच्या वर. महिन्याला पाच-साडेपाच हजार वाचतात. स्वतःचं बिल समोर ठेवून हे आकडे बदलून बघा. स्मार्ट मीटर असेल तर सकाळी ९ ते ५ च्या वापरावर सवलत आहे, तेव्हा रविवारचं चार्जिंग दिवसा करा. स्वतःचं छत असतं तर ३ किलोवॅटचं सोलर आधी सुचवलं असतं, पण फ्लॅटमध्ये ते सोसायटीच्या हातात.

पेट्रोल गाडीशी तुलना करताना आणखी एक बदल लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच आहे. त्यामुळे किमतीतली दरी वाढली. चार लाखांचा फरक असेल तर तो भरून यायला तुमच्या वापराने सहा वर्षं लागतील. तीन-चार वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर केवळ पैशांसाठी इलेक्ट्रिक घेऊ नका.

आता आईंची सीट. या किमतीत बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या मूळच्या पेट्रोल गाडीवर बेतलेल्या असतात. खाली बॅटरी आली की मागच्या प्रवाशाच्या पायाखालची जमीन वर येते, गुडघे उंच राहतात, मांड्यांना आधार मिळत नाही. शहरात जाणवत नाही, पुण्यापर्यंत चार तासांत जाणवतं. आईंना शोरूममध्ये न्या, मागे वीस मिनिटं बसू द्या, हात न धरता चढून-उतरून बघू द्या. विंडसरमध्ये मागची जागा ऐसपैस आहे आणि सीट मागे झुकते. नेक्सॉनमध्ये बसण्याची उंची चांगली, पण पायाखालची जमीन तपासूनच ठरवा.

तर गाड्या. एमजीची कॉमेट बाद: १७.३ युनिटची बॅटरी आणि डीसी फास्ट चार्जिंग नाहीच, पुणे सोडून द्यावं लागेल. टाटाची टियागो २४ युनिटची, दुसरी गाडी म्हणून उत्तम, पण तुमची ही एकच गाडी आहे आणि माणसं पाच. उरतात नेक्सॉन ४५ आणि विंडसर ३८. आईंना नेक्सॉनची मागची सीट चालली तर माझं मत नेक्सॉन ४५ ला, कारण पुणे एका दमात होतं. नाही चालली तर विंडसर घ्या आणि नारायणगावचा थांबा मान्य करा. आईंचे चार तास सुखात जाणं त्या वीस मिनिटांपेक्षा महत्त्वाचं आहे. विंडसर बॅटरी भाड्याच्या योजनेत घेणार असाल तर महिन्याला किमान किती किलोमीटरचं भाडं धरलंय ते करारात वाचा. दोन्ही गाड्यांवर बॅटरीची 'लाइफटाइम' वॉरंटी मिळते, पण ती पहिल्या मालकापुरती, तेव्हा पुनर्विक्रीच्या हिशेबात धरू नका.

टेस्ट ड्राइव्ह कॉलेज रोडच्या चकरेवर संपवू नका. गाडी इगतपुरीच्या दिशेने तासभर न्या, ट्रिप मीटर शून्य करा, एसी २४ वर, वेग ९०, आणि परत आल्यावर १०० किलोमीटरला किती युनिट गेली तो आकडा लिहून घ्या. वरचे सगळे भागाकार मग त्या आकड्याने पुन्हा करा.

डिलिव्हरीच्या दिवशी गाडीबरोबर मिळालेला पोर्टेबल चार्जर शोरूममध्येच लावून चार्जिंग सुरू होतंय ते बघा, म्हणजे पुढे घरी लाल दिवा लागला तर दोष चार्जरचा की अर्थिंगचा हे लगेच कळेल. १२ व्होल्टची छोटी बॅटरी कुठे आहे तेही विचारून घ्या. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, आणि स्टॉकयार्डात महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास होतं. म्हणून चासी नंबरवरून उत्पादनाचा महिनाही पैसे भरण्याआधीच तपासा.