जुन्या बाजारातून आणलेला कॅमशाफ्ट आपल्याच इंजिनचा आहे हे कसं ओळखायचं, आणि तो मोजायचा कसा?

म्हणजे हर्णैची बोट, सहा सिलिंडरचं जुनं पुशरॉडवालं डिझेल, पावसाळी मासेमारीबंदीत खोललं तर कॅमशाफ्टचे दोन लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे, खाल्लेले निघाले आणि आता कुर्ल्याहून आणलेला शाफ्ट दुकानदार म्हणतो 'सेम टू सेम', नंबर मात्र अर्धा घासलेला. बरोबर ना? दादा, मी रत्नागिरीला बोटींचीच इंजिनं करतो, जून-जुलैत आमच्याकडे दुसरं काही नसतंच, १ ऑगस्टला सगळ्यांना एकदमच निघायचं असतं. तर सरळ सांगतो, नंबर पूर्ण दिसला असता तरी मी तेवढ्यावर शाफ्ट बसवला नसता. कास्टिंगवरचा नंबर म्हणजे कच्च्या पीसचा नंबर, त्याच पीसवर ग्राइंडिंग वेगवेगळं होऊ शकतं, साध्या इंजिनला एक आणि टर्बोवाल्याला दुसरं, आणि नुसतं बघून कुणाच्या बापाला कळणार नाही.

पहिलं म्हणजे जुना शाफ्ट भंगारात देऊ नका. दोन लोब गेले तरी बाकीचे दहा तुमची मापपट्टी आहेत. दोन्ही डिझेलनं धुऊन शेजारी ठेवा आणि पुसल्यावर लगेच तेलाचा हात फिरवा, या दमट खाऱ्या हवेत उघडं पॉलिश केलेलं लोखंड रात्रीत लालसर होतं आणि मग गंज मोजताय की लोखंड तेच कळत नाही. लांबी, जर्नल (बुशमध्ये टेकून फिरणारे पट्टे) किती आणि कुठे, गिअरच्या बाजूची चावी नाहीतर डॉवेलची जागा, थ्रस्ट प्लेटची खाच, ऑइल पंपाचा तिरका गिअर, डिझेल फीड पंपाचा एक्सेंट्रिक, हे सगळं जुळायला हवं. हे पाच मिनिटांचं काम. यात एक गोष्ट लोक हमखास सोडतात, जर्नलवरचं तेलाचं भोक किंवा चर. बऱ्याच इंजिनांत रॉकरला (वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या आर्मला) तेल कॅमच्या एखाद्या जर्नलमधूनच वर जातं, तो चर नव्या शाफ्टला नसेल तर बाकी सगळं जुळूनही वर रॉकर कोरडे चालणार. बुश नवे मारलेत तर त्यांचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलंय का तेही तार घालून बघा.

आता फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम. सहा सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर १२० डिग्रीला एक फायरिंग, कॅम अर्ध्या स्पीडनं फिरतो म्हणून कॅमवर ६० डिग्री. शाफ्ट व्ही ब्लॉकवर ठेवा, टोकाला ३६० डिग्रीचा कागद चिकटवा आणि फक्त इनलेटचे लोब बघत फिरवा. एक नंबर सिलिंडरच्या लोबचं नाक, म्हणजे सर्वात उंच टोक, आणि सहाचं नाक बरोबर उलट दिशेला हवं, तसंच दोन-पाच आणि तीन-चार. ऑर्डर बहुतेक १-५-३-६-२-४ असते. पण शाफ्ट चालतो त्याच दिशेनं फिरवा हं, उलटा फिरवलात तर तोच शाफ्ट तुम्हाला १-४-२-६-३-५ दाखवेल आणि तुम्ही चांगला पीस परत कराल. दिशा कशी कळणार, तर क्रँकचा गिअर थेट कॅमच्या गिअरला लागत असेल तर कॅम क्रँकच्या उलट फिरतो, मध्ये एक आयडलर असेल तर क्रँकबरोबर. इनलेट कुठला नि एक्झॉस्ट कुठला यात घोळ असेल तर एकाच सिलिंडरचे दोन लोब घ्या, योग्य दिशेनं फिरवताना एक्झॉस्टचं नाक आधी येतं आणि साधारण १०५-११५ डिग्रीनंतर इनलेटचं.

मोजायला व्हर्निअर नको, निदान जर्नलला तरी नको. मायक्रोमीटर घ्या, झीरो सेटिंग रॉडवर तपासून घ्या, स्वतःचा नसेल तर क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे जा, त्याच्याकडे बोअर गेजपण असतो आणि तो लागणारच आहे, कारण नुसता शाफ्ट मोजून काय उपयोग, क्लिअरन्स ही जोडीची गोष्ट. प्रत्येक जर्नल दोन जागी आणि प्रत्येक जागी काटकोनात दोनदा, म्हणजे टेपर (निमुळतेपणा) आणि ओव्हॅलिटी (लांबटगोलपणा) दोन्ही कळतात. मग बुशचा आतला व्यास वजा जर्नल. ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास आलं तर साधारण ठीक, पण शेवटचा शब्द तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलचा. काही इंजिनांत पुढचं जर्नल मोठं आणि मागे मागे बारीक होत जातं, तिथे एका मापावरून सगळी धरू नका.

वाक बघायला दोन टोकांची जर्नल व्ही ब्लॉकवर आणि डायल गेज मधल्या जर्नलवर. पूर्ण फेरीत काटा जेवढा हलला त्याच्या निम्मा खरा वाक. काटा ०.०५ मिमीच्या वर गेला की मी पीस परत पाठवतो, जुन्या बाजारात शाफ्ट आडवे एकावर एक रचलेले असतात, त्यात वाकतातच.

लोबचं माप सोपं. नाकापासून टाचेपर्यंत एक माप, त्याच्या काटकोनात गोल भागाचं दुसरं, वजाबाकी म्हणजे लिफ्ट. समजा ४८.६२ आणि ४०.५० आले तर लिफ्ट ८.१२, रॉकर रेशो १.५ असेल तर व्हॉल्व्हला १२.१८, त्यातून टॅपेट क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली मोकळी जागा) वजा. सहाही इनलेट एकमेकांशी ताडा, सहाही एक्झॉस्ट एकमेकांशी, एक्झॉस्टची लिफ्ट इनलेटपेक्षा वेगळी असू शकते म्हणून दोन्ही मिसळू नका. आणि लिफ्ट बरोबर पण गोल भाग जुन्या शाफ्टपेक्षा बारीक, असं आलं तर तो री-ग्राइंड केलेला पीस आहे. री-ग्राइंड वाईटच असं नाही, पण वरचा कडक थर शिल्लक आहे का ते बघायला लोबच्या कडेला बारीक कानस टेकवा, घसरली तर ठीक, चावली तर तो शाफ्ट एक सीझनही काढणार नाही. लोब रुंदीभर एका बाजूला किंचित उतरता लागला, दोन-चार शतांश मिमी, तर घाबरू नका. चपट्या टॅपेटच्या (लोबवर टेकून पुशरॉड उचलणाऱ्या तुकड्याच्या) इंजिनांत तो उतार मुद्दाम देतात, त्यानं टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो.

म्हणूनच टॅपेटचा तळही बघा. दोन टॅपेट तळाला तळ लावून धरले तर जरासे डुलायला हवेत. मध्ये खोलगट झालेला असेल तर फेका, तो नव्या लोबचा घास घेईल. खरं तर शाफ्ट बदलताना टॅपेट नवेच घ्यावेत, इथे पैसे वाचवणारे खूप भेटतात आणि दिवाळीपर्यंत परत येतात. लोबवर बारीक खड्डे दिसले तर आणखी एक तपासा, तेलात खारं पाणी गेलं होतं का. ऑइल कूलर गळत असेल तर नवा शाफ्टही तसाच होणार.

एवढं झालं की मग खरी परीक्षा, ब्लॉकमध्ये घालून टायमिंग. हेड काढलेलंच आहे तर एक नंबर पिस्टनवर डायल लावा, क्रँकवर डिग्री प्लेट. टॉपला पिस्टन काही डिग्री जवळजवळ थांबल्यासारखाच असतो, म्हणून डोळ्यानं टीडीसी (पिस्टन अगदी वर असण्याची जागा) धरू नका, टॉपच्या आधी आणि नंतर १ मिमी खाली असताना डिग्री वाचा आणि मधला आकडा घ्या. मग डायल एक नंबरच्या इनलेट टॅपेटवर, तिथेही तेच, कमाल लिफ्टच्या आधी-नंतर ०.५ मिमीवर वाचून मध्य काढायचा. क्रँक हातानं आणि कायम चालीच्याच दिशेनं फिरवा, थोडा पुढे गेला तर बराच मागे नेऊन परत या, नाहीतर गिअरचा प्ले मापात येतो. मॅन्युअलमध्ये इनलेट टीडीसीआधी १० ला उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन अगदी खाली गेल्यानंतर) ५० ला बंद होतो असं असेल तर एकूण २४० डिग्री, निम्मे १२०, वजा १०, म्हणजे कमाल लिफ्ट टीडीसीनंतर ११० ला यायला हवी. कॅम गिअरला ५६ दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे जवळजवळ १३ डिग्री, एवढा फरक आला तर मार्क चुकलाय, परत लावा. चार-पाचच डिग्रीचा फरक आला तर दाताचा संबंध नाही, एकतर डॉवेलची जागा वेगळी आहे नाहीतर शाफ्टच दुसऱ्या इंजिनचा आहे. मार्क बरोबर लावूनही एक्झॉस्टचं गणित जुळलं नाही तर शाफ्टच दुसऱ्या इंजिनचा समजा.

बसवायच्या आधी एंड फ्लोट (शाफ्टची पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) फिलर गेजनं बघा. आणि आजच कुर्ल्याच्या दुकानदाराला फोन करून माल किती दिवसांत परत घेतो ते बोलून ठेवा, मोजणी त्या मुदतीच्या आत उरका, टॅपेट नवे मागवायला पण दिवस लागतात.